वाशिमचा खाना कुठला? स्वयंसेवकांच्या वेब-डिरेक्टऱ्या आणि मोकळा डेटा

५ जून १९९८ ला अमेरिकेत ‘ग्नूहू’ नावाची वेबसाइट सुरू झाली. त्यानंतर बरोबर २६ दिवसांनी, १ जुलै १९९८ ला, अकोल्यातून वाशिम हा वेगळा जिल्हा झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी आज त्या शेजारी ठेवल्यात, कारण दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच आहे: एखादी गोष्ट कुठल्या खान्यात टाकायची, ते कोण ठरवतं, आणि पंचवीस वर्षांनी संशोधनाला बसलेल्या माणसाच्या हाताला त्यातलं काय लागतं?

संशोधनाची तयारी करताना तुम्ही ‘डेटासेट’ हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकत असाल. तो कुठून तरी डाउनलोड करायचा असतो, एवढंच आपल्याला माहीत असतं. तो कुणी फुकटात राबून बनवला आणि कुणी फुकट वाटला, याचा इतिहास अभ्यासक्रमात नसतो. म्हणून आज त्याबद्दल.

नव्वदच्या दशकात वेबवर काही शोधायचं तर शोधयंत्रापेक्षा यादीवर जास्त भरवसा असे. टिम बर्नर्स-ली यांनीच १९९१ मध्ये ‘व्हर्च्युअल लायब्ररी’ नावाची सूची सुरू केली होती. तिच्यातल्या एकेका विषयाचं पान एकेक जाणकार स्वयंसेवक सांभाळायचा. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी आपली यादी केली, तीच पुढे याहू झाली. (हे दोघे तेव्हा पीएचडी करत होते आणि ती कुणाचीच पूर्ण झाली नाही. हा आदर्श घेऊ नका.) याहूचे संपादक पगारी होते आणि वेब त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढत होतं. नवी साइट यादीत यायला फार वेळ लागायचा.

रिच स्क्रेंटा, बॉब ट्रुएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय काढला: ज्याला ज्या विषयातलं कळतं त्याला तो खाना सांभाळायला द्या. ग्नूहू ती हीच. नावावरून लगेच वाजलं. ‘ग्नू’ हे रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं नाव, तिकडून हरकत आली. मग ‘न्यूहू’ केलं, तर शेवटच्या ‘हू’वर याहूची हरकत. नोव्हेंबर १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने ती विकत घेतली आणि नाव ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ झालं. लोकांच्या तोंडी मात्र ‘डीमॉझ’च राहिलं, म्हणजे डिरेक्टरी डॉट मोझिलाचा संक्षेप. पुढच्याच वर्षी नेटस्केप एओएलच्या ताब्यात गेली, आणि त्यासोबत ही डिरेक्टरीही.

नेटस्केपच्या काळात डीमॉझने डेबियनच्या धर्तीवर एक ‘सामाजिक करार’ जाहीर केला आणि ही डिरेक्टरी कायम फुकट आणि मोकळी राहील असं वचन दिलं. ते नुसतं कागदावर नव्हतं. सगळी डिरेक्टरी दोन भल्यामोठ्या फायलींत कुणालाही उतरवून घेता यायची. एकीत खान्यांची रचना, म्हणजे कुठला वर्ग कुणाच्या पोटात. दुसरीत प्रत्यक्ष नोंदी: पत्ता, शीर्षक आणि संपादकाने लिहिलेलं एक-दोन ओळींचं वर्णन. घ्या, आपल्या साइटवर लावा, विका. अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि मूळ डिरेक्टरीकडे जाणारी चौकट पानावर दाखवायची.

कंपन्यांनी हे हातोहात उचललं. मार्च २००० मध्ये गूगलने याच डेटावर ‘गूगल डिरेक्टरी’ उभी केली. डीमॉझवर नोंदी अक्षरक्रमाने लागत, गूगलने त्याच नोंदी आपल्या पेजरँकच्या क्रमाने लावल्या. डेटा तोच, एका अक्षराचा फरक नाही, पण कोण वर दिसणार आणि कोण तळाला जाणार हे आता दुसराच कुणी ठरवत होता. माझ्या मते मोकळ्या डेटाच्या इतिहासातला हा धडा अजून नीट शिकवला जात नाही. स्वयंसेवक वर्गीकरणावर रात्री जागवत होते आणि खरी सत्ता क्रमवारीत जाऊन बसली होती.

संशोधकांनीही ही खाण सोडली नाही. २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या तहेर हवेलीवाला यांनी विषयानुसार पेजरँक काढण्याची पद्धत मांडली, तेव्हा डीमॉझचे वरचे १६ वर्ग त्यांनी आधार म्हणून घेतले. त्याच वर्षी, त्याच परिषदेत, आयआयटी मुंबईचे सौमेन चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी वेबवर विषय कसे पसरलेले असतात याचा अभ्यास मांडला, आणि यंत्राला विषय ओळखायला शिकवण्यासाठी त्यांनीही डीमॉझचीच यादी वापरली. विचार करा, पवईत बसलेल्या संशोधकाला लाखो पानांचं माणसाने केलेलं वर्गीकरण कुणाची परवानगी न मागता मिळत होतं. तेवढं काम स्वतः करायचं म्हटलं तर एका प्रबंधाच्या मुदतीत उरकलं नसतं.

इथवर सगळं गोड आहे. आता वाशिमकडे चला.

समजा तुमचा विषय आहे, ‘२००० ते २०१० या काळात वेबवर दिसणारा वाशिम जिल्हा’. डीमॉझची जुनी फाइल तुम्ही कुठून तरी मिळवलीत. भूगोलाची शाखा होतीच: आशिया, त्यात भारत, त्यात महाराष्ट्र. खाली उतरत गेलात, सापडल्या त्या नोंदी मोजल्यात आणि तक्ता केलात. हा तक्ता चुकलेला आहे, कारण डीमॉझच्या नियमानुसार भूगोलाची ती शाखा इंग्रजी साइटींसाठी होती. इतर भाषांतल्या साइटी ‘वर्ल्ड’ नावाच्या वेगळ्या शाखेत, आपापल्या भाषेच्या खान्यात जात. म्हणजे एकाच गावावरची इंग्रजी साइट एका झाडावर आणि मराठी साइट दुसऱ्या. नियम वाचला नाही तर तुम्ही निष्कर्ष लिहिणार की ‘स्थानिक भाषेत काहीच नव्हतं’. असे निष्कर्ष मी छापलेले पाहिलेत, वाशिमबद्दल नाही, पण पाहिलेत.

दुसरी अडचण काळाची. युनिकोड रुळायच्या आधी मराठी पानं शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फॉन्टांत लिहिली जात. डोळ्याला देवनागरी दिसे, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असे. अशा पानावर ‘कारंजा’ हा शब्द शंभर वेळा असला तरी शोधयंत्राला तो दिसत नसे. माणसाने वाचून लिहिलेलं दोन ओळींचं वर्णन तेवढं यंत्राला कळत होतं. शिवाय त्यातली कित्येक पानं मूळ जागी आज नाहीतच. जिओसिटीजवरची घरगुती पानं ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीजसकट बंद झाली. पान गेलं आणि वर्णन उरलं, अशा वेळी ते वर्णनच तुमचं साधन होतं, ताम्रपट हरवून त्याचा ठसा उरावा तसं.

तिसरी अडचण खुद्द जिल्ह्याची, आणि ती वेबच्या फार आधीची आहे. ब्रिटिश काळात ‘बासिम’ हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या फेररचनेत तो मोडला. बासिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला गेले, पुसद यवतमाळला. १९९८ मध्ये जिल्हा पुन्हा झाला तो वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा, पण पुसद त्यात परत आलं नाही. जनगणनेत वाशिम जिल्हा म्हणून स्वतंत्र आकडा दिसतो तो २००१ मध्ये: १०,२०,२१६. २०११ मध्ये ११,९७,१६०. १९९१ चा आकडा हवा असेल तर अकोल्याच्या तक्त्यातून तालुके वेचून स्वतः बेरीज करावी लागते. आणि नाव? वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म, गॅझेटियरमध्ये बासिम, आज वाशिम. ‘वाशिम’ टाइप करून शोधणाऱ्याला १९०५ पूर्वीचा इंग्रजी दस्तऐवज सापडणार नाही, आणि तो नाही असं समजून तो पुढे जाईल. डिरेक्टरीत माणूस बसलेला असेल तर तो ही नावं जोडू शकतो. जोडेलच असं नाही.

यादी काय करू शकते याचं उत्तम उदाहरण वाशिम जिल्ह्यातच आहे, आणि ते संगणकाच्या आधीचं आहे. कारंजा लाडला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून लोक जातात. तिथे जैनांची तीन जुनी मंदिरं आहेत, बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची, आणि त्यांच्या भांडारांत शतकानुशतकं पोथ्या साठत आल्या. देवळातल्या कपाटात काय आहे हे भांडार सांभाळणाऱ्यांना ठाऊक. बाहेरच्या अभ्यासकाला त्या पोथ्या असून नसल्यासारख्या. १९२६ मध्ये नागपूरहून मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची सरकारने छापली. ती केली रायबहादूर हिरालाल यांनी. कारंजाच्या पोथ्या तीत आल्या.

पुढे काय झालं पाहा. १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ संपादित केलं. ते ज्या मालेत निघालं तिचं नावच ‘कारंजा जैन ग्रंथमाला’. १९३३ मध्ये अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन यांनी त्याच कवीचं ‘णायकुमारचरिउ’ आणलं, आणि ‘पाहुडदोहा’सारखे ग्रंथही. दहाव्या शतकातलं अपभ्रंश साहित्य, ज्याच्यावाचून मराठीच्या पूर्वेतिहासाबद्दल धड बोलता येत नाही, ते असं छापून समोर आलं. (दोन हिरालाल वेगळे बरं का. रायबहादूर कटनीचे, प्राध्यापक जैन अमरावतीचे. ग्रंथालयांच्या संगणकीय सूचीत दोघांची पुस्तकं एका नावाखाली दिसली तर घाबरू नका, मात्र तसंच उतरवूनही घेऊ नका.)

या सूचीने एकही पोथी कुणाला दिली नाही, फक्त पत्ता दिला. डिरेक्टरीचं कामही तेवढंच असतं. फरक दोन. एक, छापील पुस्तकावर लेखाधिकार असतो. सरकारी प्रकाशनाचा हक्क आजच्या कायद्याने ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९२६ ची सूची केव्हाच मोकळी झाली, पण त्यासाठी दशकं थांबावं लागलं. डीमॉझने तो हक्क पहिल्यापासूनच सोडायची तयारी दाखवली. दुसरा फरक उलट्या बाजूचा आहे. १९२६ च्या सूचीवर करणाऱ्याचं नाव आहे, त्यामुळे तिच्यातल्या निवडीबद्दल कुणाला विचारायचं, कुणाचं लेखन वाचायचं, हे कळतं. डीमॉझच्या फायलींत नोंद आहे, पण ती का घेतली हे नाही. आणि कुठली नाकारली, का नाकारली, हे तर मुळीच नाही.

मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. डीमॉझचं फलित मोकळं होतं, पण कामाची रीत बंद. संपादकांच्या आपसातल्या चर्चा, नोंदीवरचे शेरे, तपासणीसाठी अडकून पडलेल्या साइटींची रांग, हे बाहेरच्यांना दिसत नसे. काही संपादक पैसे घेऊन साइटी लावतात, प्रतिस्पर्ध्यांच्या अडवतात, असे आरोप वर्षानुवर्षं होत राहिले. त्यातला कुठला खरा, कुठला खोटा, हे त्या दोन फायली वाचून कुणी सांगू शकणार नाही. मोकळ्या डेटाच्या भाषणांत हा भाग सहसा येत नाही.

परवान्यातही एक मेख होती. वापरणाऱ्याने अटी बदलल्यात का हे वरचेवर पाहत राहावं, असं कलम त्यात होतं. तेवढ्यावरून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी तो परवाना मुक्त मानला नाही. वाचायला किरकोळ वाटतं, पण तुमच्या डोक्यावर टांगती तलवार: उद्या अट बदलली तर? २०११ मध्ये डीमॉझने क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देण्याचा परवाना घेतला आणि ती अडचण सुटली. त्याच वर्षी गूगलने आपली डिरेक्टरी बंद केली होती, हा योगायोग जरा क्रूर आहे.

उतार आधीच लागला होता. ऑक्टोबर २००६ मध्ये मुख्य सर्व्हर कोसळला आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपादकांना काम करता येईना. शोधयंत्रं सुधारली, यादीची गरज कमी झाली. २०१४ च्या अखेरीला याहूची डिरेक्टरी संपली. १७ मार्च २०१७ ला एओएलने डीमॉझ बंद केली. तेव्हा तीत सुमारे ३८ लाख साइटी होत्या, १० लाखांवर खाने, ९० भाषा, आणि एकोणीस वर्षांत ९० हजारांवर लोकांनी संपादक म्हणून हात लावला होता.

कंपनीने दार लावलं तरी काम बुडालं नाही, कारण प्रती बाहेर होत्या. जुन्या संपादकांनी ‘कर्ली’ या नावाने डिरेक्टरी पुढे चालू ठेवली. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या संस्थेतल्या संशोधकांनी कर्लीवरून घेतलेल्या, ९२ भाषांतल्या २० लाखांवर साइटींचा वर्गीकृत संच संशोधनासाठी खुला केला. १९९८ मध्ये कुणीतरी फावल्या वेळात लावलेला खाना अजून एका मॉडेलला शिकवतोय. त्या माणसाला ते माहीतही नसेल.

आज वाशिमवर काम करायचं तर बहुधा तुम्ही वेब-डिरेक्टरी उघडणार नाही, ओपनस्ट्रीटमॅप किंवा विकिडेटा उघडाल. त्याही याद्याच, आणि स्वयंसेवकांच्याच. डीमॉझची उणीव इथे पुष्कळशी भरून निघालीय. मानोऱ्याजवळचा एखादा रस्ता नकाशात केव्हा आला, कितव्यांदा बदलला, कुणी बदलला, हा पूर्ण इतिहास उतरवून घेता येतो. पण त्यालाही दुसरी बाजू आहे. कोण कुठे राहतो, कधी जागा असतो, हे संपादनांच्या वेळांवरून ओळखता येतं. २०१८ मध्ये युरोपचा गोपनीयता कायदा आल्यावर जिओफॅब्रिक ज्या प्रादेशिक फायली सर्वांना देतं त्यातून संपादकांची नावं काढली गेली. डीमॉझमध्ये कारणं दिसत नव्हती, इथे माणूस नको तेवढा दिसत होता.

परवान्याचा फरक तर थेट तुमच्या प्रबंधाला लागतो. विकिडेटावर काहीच अट नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना २०१२ पासून वेगळा आहे: त्यांच्या डेटात आपला डेटा मिसळून नवा संच प्रसिद्ध केलात तर तो संचही त्याच अटींवर मोकळा ठेवावा लागतो. रिसोड तालुक्यातल्या गावांची यादी तिथून घेतली, तिला तुमचं घरोघरचं सर्वेक्षण जोडलं आणि सगळं मिळून प्रसिद्ध केलं, तर सर्वेक्षणही मोकळं करायची वेळ येते. ज्यांच्या ओसरीवर बसून तुम्ही माहिती लिहून घेतली त्या लोकांनी एवढी परवानगी दिली होती का? हा प्रश्न डेटा जोडायच्या आधी विचारा. मार्गदर्शक तो तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विचारतात.

काही जणांनी विचारलं होतं की हे सगळं प्रबंधात कुठे लिहायचं. पद्धतीच्या प्रकरणात, एका परिच्छेदात. साधारण असा: ‘गावांची यादी ओपनस्ट्रीटमॅपच्या अमुक तारखेच्या फायलीतून घेतली असून तिचा परवाना अमुक आहे. १९९८ पूर्वीच्या आकड्यांसाठी अकोला जिल्ह्यातले सहा तालुके एकत्र केले आहेत. १९०५ पूर्वीच्या बासिम जिल्ह्यात पुसद होतं, ते इथे धरलेलं नाही. वाशिम, बासिम आणि वत्सगुल्म ही तिन्ही नावं शोधली. वेब-नोंदींसाठी भूगोलाची आणि मराठीची अशा दोन्ही शाखा पाहिल्या. नाकारलेल्या नोंदी मुळात उपलब्ध नाहीत.’